चुन्याची निवळी

प्रवाळ कापायचं काम दातवाल्याने स्वयंपाकघरात काढलं, कारण बाबांच्या खोलीत कसलीही भुकटी उडवायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. प्रवाळ वाढवायच्या काचेच्या टाकीतलंच खारं पाणी एका पसरट भांड्यात घेऊन, त्यात प्रवाळाचा गड्डा बुडवून तो हिऱ्याची चकती चालवत होता. चकती कामावरची. कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत तो नोकरीला होता. इमारतीत त्याला सगळे दातवालाच म्हणत आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोही तसंच म्हणू लागली होती.

"भांडं माझं आहे," ती दारातून म्हणाली. "उद्या त्यात पीठ मळायचंय."

"धुऊन देतो."

"नको, तुलाच ठेव. म्हातारपणी स्वतःची कवळी भिजत घालायला होईल."

बाबा आपल्या खोलीत खुर्चीत बसून चकतीचा आवाज ऐकत होते. आवाज त्यांच्या ओळखीचा होता. जन्मभर त्यांनी दगड घडवला होता. पायऱ्या, उंबरे, खांबांचे तळ, श्रीमंतांच्या बागेतल्या बसायच्या शिळा. दगड घडवताना उडालेली भुकटी त्यांच्या छातीत जाऊन बसली होती आणि आता छातीच दगड होत चालली होती. रात्रंदिवस नाकाला नळी, शेजारी घरघरणारं ऑक्सिजनचं यंत्र. हा हिवाळा काढतील, पुढच्याचं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी दातवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. बाबांनी ते भिंतीपलीकडून ऐकलं होतं. त्यांची छाती गेली होती, कान शाबूत होते.

कापून झालेले नखाएवढे तुकडे दातवाल्याने एका पांढऱ्या फरशीवर गोंदाने चिकटवले, मधे बोटाच्या पेराएवढी जागा सोडून, आणि फरशी बाबांच्या खोलीतल्या टाकीत नेऊन ठेवली. टाकी त्या खोलीत होती ती बाबांच्याच सांगण्यावरून. एवढं पाणी कुठल्या कोपऱ्यात पेलेल हे त्यांनी जमिनीवर टाच आपटत ठरवलं होतं. आता त्यांचा पलंगही तिथेच होता. एका बाजूला खिडकी, एका बाजूला टाकी.

"अख्खा गड्डा चांगला होता की," बाबा म्हणाले. "तोडलास कशाला?"

"अख्खा राहिला तर वर्षाला नखभर वाढतो. जखम झाली की ती भरून काढायला भराभर पसरतो. सगळे तुकडे एकाच गड्ड्याचे आहेत ना, एकमेकांना भिडले की एकजीव होतात. परक्याचा तुकडा ठेवला असता तर एकमेकांना जाळून मारलं असतं."

"भिडतात ते कळलं. पण सांधा दिसतोच."

"नाही दिसत."

बाबा हसले. हसले की खोकला येई, म्हणून ते हल्ली हिशेबाने हसत. "दगडात सांधा लपवता येतो रे. मी लपवलेत. माझ्या हातच्या पायऱ्यांवर लोक भिंग घेऊन बसले तरी सापडायचा नाही. पण मला सापडायचा. सांधा नाहीसा होत नाही."

"यात होतो."

"मग हे बघितल्याशिवाय मी काही जात नाही," बाबा म्हणाले.

ते सहज बोलून गेले, पण दातवाल्याने ते मनावर घेतलं. बाबांचं आणि त्याचं आजवर फारसं जमलं नव्हतं. दगड सोडून मुलगा दात घासत बसला याचा बाबांना मनातून राग होता, आणि दगडाने बाबांचं काय केलं ते बघून मुलाला दगडाचा. या टाकीपुढे मात्र दोघं तासन्‌तास बसत. आता त्यात एक मुदत आली होती. हिवाळा संपायच्या आत फट बुजायला हवी होती.

दातवाल्याची प्रयोगाची शिस्त कामावरून आलेली होती. साचा तडकला तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाणी, नाहीतर भट्टी, नाहीतर भुकटी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही. घरीही त्याने तसंच केलं. आधी दिवा वाढवला. तुकडे फिके पडले, पुन्हा उतरवला. मग पाण्याचा झोत बदलला. मग खाणं वाढवलं, तर काचेवर शेवाळ चढलं. तुकड्यांच्या कडेला पांढरी किनार धरायची आणि तिथेच अडून राहायची. बाबा भिंगातून बघत आणि भिंग उशीखाली ठेवत.

शेवटी त्याने पाण्याचा पीएच मोजणारी कांडी टाकीत सोडली. तिची रेघ मोबाइलवर दिसायची. पाणी आम्लाकडे झुकलं की रेघ खाली, नाहीतर वर. प्रवाळाला आपला सांगाडा बांधायला रेघ वर लागते. ती कायम खाली लोळत होती. एका रविवारी बायकोच्या माहेरची माणसं बाबांना बघायला आली, खोलीत दाटीवाटीने बसून गप्पा मारून गेली, आणि रेघ तळाला जाऊन टेकली. ते बघून दातवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. थंडीमुळे खोली बंद. बंद खोलीत माणसं श्वास सोडणार, श्वासातला वायू पाण्यात उतरणार, पाणी आंबणार.

शोध लागला की माणसाला तो कुणालातरी दाखवल्यावाचून चैन पडत नाही. त्याने ग्लासात चुन्याची निवळी घेतली, चुना विरघळवून वरचं काढलेलं नितळ पाणी, त्यात एक नळी घातली आणि ग्लास बाबांपुढे धरला.

"यात फुंका. तोंडात ओढू नका, नुसतं फुंका."

बाबांनी ऑक्सिजनची नळी नाकावरून सरकवली आणि फुंकर घातली. छाती भरायला त्यांना वेळ लागे. दुसऱ्या-तिसऱ्या फुंकरीला पाणी गढुळलं, मग दुधासारखं पांढरं झालं.

"शाळेत करायचो आम्ही हा प्रयोग," बायको म्हणाली.

बाबा ग्लास उजेडाकडे धरून बघत राहिले. "हे माझ्या आतून आलं?"

"सगळ्यांच्याच येतं. हेच टाकीत जातं, म्हणून तुकडे अडून बसलेत."

"म्हणजे आता या खोलीत श्वास घ्यायचा की नाही तेही तुला विचारायचं?" बायको म्हणाली. "पाहुण्यांना दारात पाटी लाव. श्वास बाहेर ठेवून या."

दातवाला हसला. बाबाही हसले. पण ग्लास त्यांनी लगेच परत दिला नाही. दातवाला मागत होता तरी ते पांढरं पाणी हलवून बघत होते.

उपाय दातवाल्याने चुन्यातच शोधला. टाकीतलं पाणी रोज उडून थोडं कमी होतं, तेवढं साधं पाणी भरावं लागतं. त्याऐवजी निवळी थेंब थेंब सोडायची. निवळीने रेघ वर चढते आणि प्रवाळाला बांधकामाचा चुनाही मिळतो. पहिल्या दिवशी रेघ जराशी हलली. त्यानंतर एके सकाळी तो कामावर साचा घोटत असताना मोबाइल बघतो तो रेघ सरळ वर गेलेली. टाकीवरचा दिवा सकाळी लागतो. दिवा आणि निवळी दोघांनी मिळून काम केलं, असं त्याने मनाशी जुळवलं. जुळतही होतं.

मग रोजच तसं होऊ लागलं. सकाळी रेघ चढायची, बायको घरी यायच्या सुमाराला उतरायची. तुकड्यांची पांढरी किनार रोज पुढे सरकू लागली. बाबा भिंग घेऊन बसत आणि संध्याकाळी तो आला की खबर देत.

"डावीकडचे दोघे आज एकमेकांना बघतायत. वरचा आळशी आहे, तुझ्यावर गेलाय."

दातवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. टाकीचं सामान ज्याच्याकडून घ्यायचा त्या दुकानदाराला, टाकीवाल्याला, तो आता उलट शिकवू लागला. टाकीवाला या धंद्यात केस पांढरे केलेला माणूस. तो चुन्याच्या पुड्या बांधून देत म्हणायचा, "छान चाललंय की दातवाले. अजून काही अडचण?"

"अडचण कसली? रेघ बघा," दातवाला म्हणायचा आणि मोबाइल पुढे करायचा.

घरात बायको कधीकधी नाक मुरडायची. "बाबांच्या खोलीत कसली ही ओल? पांघरूण गार लागतंय."

"टाकीचं पाणी उडतं, गारवा राहणारच."

"आणि हा धुराचा वास? खालच्या भट्टीचा वाटतोय."

"खिडकीच्या फटीतून येत असेल. कापूस लावतो."

कापूस लावायचा राहून गेला. बाबांचा खोकला वाढला होता. दिवसाही ते कानटोपी घालून बसत. विचारलं तर म्हणत, म्हाताऱ्याला थंडी वाजायचीच. अधूनमधून एखादा दिवस रेघ वर जायचीच नाही. दातवाला म्हणे, ही चुन्याची पुडी सादळलेली असणार, आणि नवी आणी. त्या दिवशी बाबा उठूनच बसले नव्हते, हे त्याला दिसत होतं. त्याने या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत, इतकंच.

त्या दिवशी प्रयोगशाळेची वीज गेली आणि तो दुपार व्हायच्या आत घरी आला. दार उघडल्याबरोबर गार वाऱ्याचा झोत अंगावर आला. बाबांच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. पडदा बाजूला बांधलेला होता, सवयीच्या गाठीने. बाबा पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. अंगावर दोन पांघरुणं, कोट, कानटोपी, आणि ओठांचा रंग शिशासारखा. मांडीवर भिंग.

त्याने आधी खिडकी ओढून लावली.

"लावू नको," बाबा म्हणाले. शब्दाशब्दाला थांबत होते. "सकाळीच तर उघडलीय."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"पोरा, तुझ्या चुन्याने होत नव्हतं ते."

दातवाला खिडकीच्या कडीवर हात ठेवून उभा राहिला.

"चार दिवस वाट बघितली मी," बाबा म्हणाले. "तू खुशीत होतास, पण तुकडे जागच्या जागी. मग म्हटलं, माझा श्वास बाहेर घालवून बघू. तुम्ही गेलात की उघडायची, सूनबाई यायच्या आधी लावायची. पहिल्याच दिवशी फरक पडला. तू संध्याकाळी येऊन नाचलास."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर उघडू दिली असतीस?"

तो पलंगाच्या कडेला बसला आणि बाबांचे हात चोळू लागला. दगड धरून धरून रुंद झालेले ते तळवे बर्फासारखे होते.

"बघ तरी," बाबांनी भिंग त्याच्या हातात दिलं. "खालचे दोघं भिडलेत. सांधा दिसतोय अजून, पण भिडलेत. वरच्यांच्या मधे केसाएवढी फट आहे. थोडेच दिवस. खिडकी उघड."

त्याने उघडली नाही. बाबा रागावले नाहीत. डोळे मिटून पडून राहिले. संध्याकाळी ताप चढला. बायको आली, तिने कपाळाला हात लावला, मग खिडकीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. तो सगळं सांगून मोकळा झाला.

"गारवा," ती म्हणाली. "टाकीचं पाणी उडतं म्हणून गारवा. असंच म्हणाला होतास ना?" आणि रुग्णवाहिकेला फोन लावला.

इस्पितळात डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यावर लावला. मुळातच जिथे जागा नव्हती तिथे आता पाणी भरलं होतं. न्यूमोनिया. औषधं चालू करू, बघू, असं डॉक्टर म्हणाले. "बघू" म्हणताना ते फोटोकडे बघत होते, माणसाकडे नाही.

दातवाला दोन दिवसांनी टाकीवाल्याच्या दुकानात गेला तो काही घ्यायला नव्हे. इस्पितळातून घरी जायचं त्याच्या जिवावर आलं होतं आणि दुकान वाटेत होतं. टाकीवाल्याने स्टूल पुढे केलं. दातवाल्याने पहिल्यापासून सांगितलं. श्वास, निवळी, खिडकी.

टाकीवाल्याने हातातली जाळी पुसून बाजूला ठेवली.

"टाकीतला फेस काढायचं यंत्र आहे ना तुमच्याकडे?" त्याने विचारलं. "ते हवा कुठली ओढतं?"

"खोलीतलीच. का?"

"त्याची हवेची नळी बाहेर सोडायची असते. भिंतीला पेन्सिलीएवढं भोक पाडायचं, नळी बाहेर काढायची. ते दिवसभर बाहेरची हवा पाण्यात घुसळत राहतं. मग खोलीत वरात आणून बसवा, फारसा फरक पडत नाही."

दातवाल्याने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

"मला वाटलं, नळी तुम्ही केव्हाच सोडली असणार," टाकीवाला म्हणाला. "एवढा चुना नेत होतात. पुढच्या पायरीवरचा माणूस वाटलात. मी विचारत होतो, काही अडचण आहे का. तुम्ही म्हणायचात, रेघ बघा."

त्या संध्याकाळी दातवाल्याने शेजाऱ्याचं ड्रिल आणून बाबांच्या पलंगाच्या डोक्याशी भिंतीला भोक पाडलं. खोलीत भुकटी उडाली तरी आता चालणार होतं. विटेचा लाल भुगा उशीवर आणि चादरीवर पडला. बायकोने चादर काढली, ओल्या फडक्याने पलंग पुसला, पायाखालची जमीन पुसली. नळी भोकातून बाहेर गेली. खिडकी बंद होती, दोघं खोलीत होती, आणि सकाळपर्यंत रेघ वर चढली. ती तिथेच राहिली.

त्यानंतर बाबा पूर्ण शुद्धीत आले ते एकदाच. तोंडावर मुखवटा होता. तो त्यांनी बोटाने जरा उचलला.

"खिडकी कोण उघडतं आता?"

नळीचं सांगितलं तर बाबांना कळणार होतं की पेन्सिलीएवढ्या भोकाने झालं असतं. नाही सांगितलं तर ते खोटं जन्मभर त्याच्याजवळ राहणार होतं. त्याच्या आधी बायकोच बोलली.

"मी उघडते, बाबा. निघताना उघडते, आले की लावते."

"कडी घट्ट आहे ती. वर उचलून ओढायची."

"उचलूनच ओढते."

बाबांनी मान हलवली. मग मुलाकडे हात केला. दातवाल्याने मोबाइलवर सकाळीच काढलेला फोटो समोर धरला. बाबांनी दोन बोटांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला. चित्राचे नुसते ठिपके उरेपर्यंत. खालचे तुकडे एक झाले होते. वरच्यांच्या मधे, अगदी टोकाशी, काळी बारीक रेषा होती.

"बुजलीच म्हणायची," दातवाला म्हणाला.

"आहे अजून."

"केसाएवढी, बाबा."

"केसाएवढी म्हणजे आहेच की." त्यांनी मोबाइल परत दिला. आवाजात तक्रार नव्हती. कारखान्यात शिकाऊ पोराचं काम परत करताना ते असंच बोलत असणार. मग मुखवटा खाली ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

पुढचे दिवस माणसांच्या येण्याजाण्यात गेले. बाबांची खोली मोठी, म्हणून सगळे तिथेच बसत. एवढ्या माणसांच्या श्वासानेही रेघ हलत नव्हती. दातवाल्याने तो आकडा बघणं सोडलं होतं, पण मोबाइल हातात घेतला की तो दिसायचाच.

टाकीवाला आला तो सगळे गेल्यावर. दारातच चपला काढून संकोचून उभा राहिला. बायकोने त्याला आत बोलावलं, पाणी दिलं. पलंग काढून टाकला होता, तिथे त्याच्या चार पायांच्या खुणा होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर टाकीवाल्याची नजर टाकीकडे गेली. धंद्याचा माणूस, त्याला राहवलं नाही. तो काचेशी वाकला, खिशातला चष्मा काढून घातला, या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं. फरशीवर एकसंध, तपकिरी-हिरवा थर पसरला होता आणि त्यावर बारीक तोंडं उघडून डुलत होती.

"हे तेच? तुकडे लावलेले?"

"तेच."

"मानलं. यात वरची फट कुठे होती? ती शेवटची?"

दातवाला पुढे झाला. काचेवर त्याने बोट ठेवलं. वाकून नीट पाहिलं आणि बोट जरा उजवीकडे सरकवलं. मग आणखी थोडं खाली. मग काढून घेतलं.